जुना ट्रक आणि त्याचा सायलेन्सर
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नारायणगावला तमाशापंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, सुपाऱ्या ठरतात. पण ठरलेल्या तारखेला फड त्या गावी पोहोचतो कसा, हे सहसा कुणी विचारत नाही. तो ट्रकने पोहोचतो. तंबू, फळ्या, जनरेटर, पेट्या, आणि पुष्कळदा त्यांच्यावर बसलेली माणसे. हे ट्रक बहुधा जुने असतात. वर्षातले काही महिनेच धावणाऱ्या गाडीला नव्या ट्रकचा हप्ता झेपत नाही. जुन्नर-आंबेगावातल्या उसाच्या गाड्यांचेही तेच. विघ्नहर किंवा भीमाशंकर कारखान्याचा गळीत हंगाम संपला की गाडी दारात उभी. माल हंगामी, म्हणून गाडी जुनी.

या जुन्या गाडीच्या एकाच भागाबद्दल मला आज बोलायचे आहे. धूर बाहेर टाकणारी नळी, जिला आपण सरसकट सायलेन्सर म्हणतो.

१९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझबरोबर जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. करार पंधरा वर्षांचा होता. १९६९ मध्ये तो संपला आणि ट्रकच्या तोंडावरची मर्सिडीजची चांदणी जाऊन तिथे टाटांचा 'टी' आला. इंजिनाची मूळ ठेवण मात्र पुढे कित्येक वर्षे टिकली. त्या गाड्यांत धुराची व्यवस्था अगदी साधी होती: मॅनिफोल्ड, खाली उतरणारा बेंड, सायलेन्सरचा डबा आणि शेपटीची नळी. आवाज कमी करायचा आणि धूर लांब सोडायचा, बस्स. कायद्याचेही फार काही म्हणणे नव्हते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत धूर खाली किंवा डावीकडे सोडू नये, मागे किंवा उजवीकडे सोडावा असे कलम आले. आपण डावीकडून वाहने चालवतो, तेव्हा पायी जाणारा माणूस गाडीच्या डाव्या अंगाला असतो. त्याचा विचार कायद्याने केला, हे मला आवडते. गाडीच्या वर बसलेल्या माणसाचा विचार मात्र त्यात नाही, कारण कायद्याच्या लेखी तो तिथे नसतोच.

महामार्गावरच्या फाट्यांवर या नळीची 'सुधारणा' पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सर्वांत लोकप्रिय सुधारणा म्हणजे सायलेन्सर मोकळा करणे. डबा कापायचा, आतल्या पट्ट्या काढायच्या, पुन्हा वेल्डिंग. गाडी 'उचलते', असे ड्रायव्हर शपथेवर सांगतो. टर्बो नसलेल्या जुन्या इंजिनात त्याने ताकदीत पडणारा फरक फार थोडा असतो. वाढतो तो आवाज, आणि आवाज वाढला की ताकद वाढल्यासारखे वाटते. खरी ताकद पंप वाढवून मिळते, म्हणजे जास्त डिझेल सोडून. पण हवा तेवढीच राहिल्याने ते पुरते जळत नाही आणि चढाला काळा लोट निघतो. निळा धूर असेल तर ऑइल जळते आहे. पांढरा असेल तर डिझेल न जळताच बाहेर पडते आहे किंवा कुठून तरी पाणी शिरले आहे. जाणता मिस्त्री आधी रंग बघतो आणि नळीला हात लावण्यापूर्वी नोझल, पंप आणि हवेचा फिल्टर तपासतो. धुराचा इलाज नळीत नसतो, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही.

एक सुधारणा मात्र पैसा वसूल करणारी आहे. मढच्या पुढे माळशेज घाट उतरताना नुसत्या पायाच्या ब्रेकवर राहिले तर ड्रम तापतात आणि ब्रेक धरत नाहीत. त्यासाठी एक्झॉस्ट ब्रेक असतो. नळीतच एक झडप. ती मिटली की धूर कोंडतो आणि इंजिनच गाडीला मागे ओढते. पण झडपेच्या आधी कुठे पॅकिंग फुटले असेल तर कोंडलेला दाब तिथून निसटतो. शंभर-दोनशे रुपयांचे पॅकिंग घाटात अख्ख्या गाडीचे मोल ठरवते.

आता कायद्याकडे येऊ. २००० सालानंतर भारत स्टेजचे टप्पे आले, आधी मोठ्या शहरांत, मग देशभर. चौथा टप्पा १ एप्रिल २०१७ पासून सर्वत्र लागू झाला. त्याच्या तीनच दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाने तिसऱ्या टप्प्यातल्या नव्या गाड्यांची विक्री थांबवली होती. १ एप्रिल २०२० पासून एकदम सहावा. सहाव्या टप्प्यातल्या ट्रकची नळी म्हणजे छोटा रासायनिक कारखानाच. काजळी अडवणारी जाळी आहे, युरियाचे पाणी फवारण्याची सोय आहे.

मग हेच जुन्या ट्रकला का बसवू नये? अडचण डिझेलपासून सुरू झाली. १९९६ पूर्वी आपल्या डिझेलमध्ये गंधक शेकडा एकपर्यंत चालत असे, म्हणजे लाखात हजार भाग. आता ते लाखात एक आहे. गंधकाने ही यंत्रणा निकामी होते, म्हणून आधी तेल शुद्ध व्हावे लागले. ते झाले, पण जुने इंजिन तेच राहिले. त्याची काजळी इतकी, की जाळी लवकर तुंबते. आणि तुंबलेली काजळी जाळण्यासाठी नळीत जी उष्णता हवी, ती राखणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था त्या इंजिनाला नाही. कॅलिफोर्नियाने २००८ मध्ये जुन्या ट्रकांना जाळी किंवा नवे इंजिन सक्तीचे करणारा नियम केला. पण तिथे २००६ पासूनच गंधक लाखात दीड भागावर आले होते आणि मालकांसाठी सरकारी अनुदानाच्या योजनाही होत्या. आपल्याकडे एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या ट्रकच्या फिटनेसचे शुल्क साडेबारा हजार झाले. माझ्या मते अर्धेच धोरण आपण उचलले.

धूर निरुपद्रवी आहे असे कुणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. तो धूर सर्वांत जास्त ड्रायव्हर, क्लीनर आणि हमालांच्याच वाट्याला येतो. टोमॅटोचे क्रेट भरताना गाडी चालू ठेवायची सवय बाजारात आहे, ती बंद करायला तर एक रुपयाही लागत नाही.

दसऱ्याच्या आधी फडांच्या गाड्या गॅरेजला लागतात. त्या वेळी मॅनिफोल्डचे पॅकिंग बदलून घ्यावे, नोझल तपासावीत, कापलेला डबा काढून चांगला सायलेन्सर बसवावा आणि शेपटीची नळी हौद्याच्या मागच्या टोकापर्यंत न्यावी, म्हणजे धूर फळ्यांच्या फटीतून वर येत नाही. वर पेट्यांवर पोरे झोपलेली असतात.