पाच दिवसांचे धुके आणि सत्तर वर्षांचा हिशेब

१/
८ डिसेंबर १९५२. लंडनच्या सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात वर्दीच्या ‘ला त्राविआता’ या संगीतिकेचा प्रयोग सुरू होता. क्षयाने खंगत जाऊन मरणाऱ्या नायिकेची ही कथा. पण ती मरेपर्यंत प्रयोग पोहोचलाच नाही. बाहेरचे धुके नाट्यगृहात शिरले, प्रेक्षक खोकू लागले, रंगमंच दिसेनासा झाला आणि खेळ अर्ध्यावर थांबवावा लागला. फुफ्फुसाच्या रोगाने होणारा मृत्यू त्या रात्री रंगमंचावर घडला नाही. शहरात मात्र तो घरोघरी घडत होता.

२/
शुक्रवार ५ डिसेंबर ते मंगळवार ९ डिसेंबर, अशा त्या पाच दिवसांना इतिहासात ‘ग्रेट स्मॉग’ म्हणतात. सरकारी अहवालाने मृतांचा आकडा सुमारे ४,००० सांगितला. आज इतिहासकार आणि साथरोगतज्ज्ञ १२,००० च्या आसपासचा आकडा मानतात. मधले आठ हजार लोक अर्धशतकभर कोणत्या रकान्यात होते? हा थ्रेड त्या रकान्याविषयी आहे.

३/
प्रथम हवामान. त्या आठवड्यात दक्षिण इंग्लंडवर उच्च दाबाचा पट्टा येऊन स्थिरावला. वारा जवळपास थांबला. एरवी जमिनीलगतची उबदार हवा वर जाते आणि सोबत धूरही नेते. या वेळी उलट घडले: थंड हवा खाली राहिली आणि उबदार हवेचा थर तिच्यावर झाकणासारखा बसला. थेम्सच्या खोऱ्यातील शहर जणू झाकण लावलेल्या भांड्यात सापडले.

४/
आता भांड्यात काय होते ते पाहू. कडाक्याच्या थंडीमुळे घरोघरच्या शेगड्या दिवसरात्र धगधगत होत्या. महायुद्धाने कर्जबाजारी झालेला ब्रिटन आपला उत्तम कोळसा निर्यात करून परकीय चलन मिळवत होता. घरच्या लोकांच्या वाट्याला ‘नटी स्लॅक’ नावाचा स्वस्त, भुकटीमिश्रित कोळसा येई. तो अधिक धूर सोडे. भरीला शहरातली वीजकेंद्रे आणि डिझेलच्या बसगाड्या होत्याच.

५/
हवामान खात्याच्या अंदाजानुसार त्या काळात दररोज सुमारे १,००० टन धुराचे कण आणि ३७० टन सल्फर डायऑक्साइड लंडनच्या हवेत मिसळत होते. या वायूपासून सुमारे ८०० टन सल्फ्युरिक आम्ल तयार होत होते. ही क्रिया इतक्या वेगाने कशी घडली, याचा उलगडा २०१६ मध्ये झाला. कोळसा जळताना निघणाऱ्या नायट्रोजन डायऑक्साइडने धुक्याच्या थेंबांतच सल्फर डायऑक्साइडचे आम्लात रूपांतर घडवून आणले होते. लंडनकर धुके नव्हे, आम्लाचा तुषार श्वासात घेत होते.

६/
आयल ऑफ डॉग्ज भागात माणसाला स्वतःची पावले दिसत नव्हती. बसच्या पुढे वाहक मशाल घेऊन चालत होते. पुढे बसही बंद झाल्या. रुग्णवाहिका थांबल्यामुळे आजाऱ्यांना स्वतःच इस्पितळ गाठावे लागले. अर्ल्स कोर्ट येथे पशुप्रदर्शनासाठी आणलेली काही धष्टपुष्ट जनावरे श्वास कोंडून दगावली. तरीही शहरात घबराट नव्हती. लंडनला धुके नवे नव्हते. काय घडत आहे हे प्रथम ध्यानात आले ते शवपेट्या आणि फुले कमी पडू लागली तेव्हा.

७/
धुराची तक्रार मात्र फार जुनी. जॉन एव्हलिन याने १६६१ मध्येच राजा दुसरा चार्ल्स याला उद्देशून ‘फ्युमिफ्युजियम’ ही पुस्तिका लिहिली आणि लंडनचा कोळशाचा धूर फुफ्फुसे बिघडवतो असे बजावले. १९०५ मध्ये डॉ. देस व्हू यांनी ‘स्मोक’ आणि ‘फॉग’ जोडून ‘स्मॉग’ हा शब्द रूढ केला. मराठीने धूर आणि धुके यांतून ‘धुरके’ घडवले ते याच धर्तीवर.

८/
कायदेही होते, पण त्यांत एक मोठी पळवाट होती. इंग्लंडच्या १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने काळा धूर ओकणाऱ्या धुरांड्यांना उपद्रव ठरवले. राहत्या घरांची धुरांडी मात्र स्पष्ट शब्दांत वगळली. घरची शेगडी ही इंग्रजांची खासगी बाब! हीच दृष्टी वसाहतींतही आली. १९१२ मध्ये मुंबई इलाख्यात धूर-उपद्रवाचा कायदा झाला, तेव्हा त्याचा रोख गिरण्या-कारखान्यांच्या भट्ट्यांवर होता. दिसणाऱ्या धुराला नियम लागला. माणसाच्या श्वासात काय जाते हा प्रश्न विचारलाच गेला नाही.

९/
इशारेही मिळाले होते. डिसेंबर १९३० मध्ये बेल्जियमच्या म्यूज खोऱ्यात असेच धुके साचून ६० हून अधिक माणसे मेली. त्या घटनेचा अभ्यास करणाऱ्या फिर्के यांनी हिशेब मांडला की हेच लंडनमध्ये घडले तर सुमारे ३,२०० माणसे अचानक मरतील. १९४८ मध्ये अमेरिकेतील डोनोरा या पोलाद-जस्ताच्या गावात २० जण दगावले. लंडनने हे दोन्ही प्रसंग दूरच्या औद्योगिक गावांचे दुर्दैव मानले.

१०/
श्वसनमार्गात काय घडते? श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. ते सतत हलत राहून धूळ, जंतू आणि कफ वर ढकलतात. आम्लयुक्त हवेने नलिका आकसतात, कफ वाढतो आणि हे तंतू मंदावतात. फुफ्फुसाच्या खोल कप्प्यांत जंतू गिळणाऱ्या पहारेकरी पेशी असतात. त्या काजळी गिळण्यातच गुंततात. अशा वेळी एरवी सहज हाकलला जाणारा जंतू ठाण मांडतो. ब्राँकायटिस बळावतो, त्यातून न्यूमोनिया होतो. धूर आणि संसर्ग हे येथे दोन वेगळे शत्रू नसतात. पहिला दुसऱ्यासाठी दार उघडतो.

११/
१३ डिसेंबरला संपलेल्या आठवड्यात बृहद् लंडनमध्ये ४,७०३ मृत्यू नोंदले गेले. आदल्या वर्षी त्याच आठवड्यात १,८५२ होते. ब्राँकायटिसने झालेले मृत्यू सुमारे नऊ पटींनी वाढले. बळींमध्ये वृद्ध आणि तान्ही मुले अधिक होती. पण मृत्यूच्या दाखल्यावर ‘धूर’ असे कारण लिहिण्याची सोयच नव्हती. दाखले ब्राँकायटिस, न्यूमोनिया, हृदयविकार एवढेच सांगत होते. धुराचा हात दिसला तो दाखले एकत्र मोजल्यावर. डब्ल्यू. पी. डी. लोगन यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ही मोजणी प्रसिद्ध केली.

१२/
सरकार मात्र नाखूश होते. गृहनिर्माण मंत्री हॅरॉल्ड मॅकमिलन यांना नवा कायदा नको होता. आपण फार काही करू शकत नसलो तरी कामात गढलेले दिसू शकतो, अशा आशयाचे त्यांचे मंत्रिमंडळासाठीचे टिपण पुढे उजेडात आले. संसदेतील दबावामुळे जुलै १९५३ मध्ये सर ह्यू बीव्हर यांची समिती नेमली गेली. हेच बीव्हर ‘गिनेस बुक’च्या कल्पनेचे जनक! त्यांच्या समितीने मात्र केवळ कामात गढलेले दिसण्यापेक्षा बरेच अधिक केले. तिच्या १९५४ च्या अहवालातून ५ जुलै १९५६ चा ‘क्लीन एअर अ‍ॅक्ट’ आला. प्रथमच घरची शेगडी कायद्याच्या कक्षेत आली आणि ती बदलण्यासाठी अनुदानही मिळू लागले.

१३/
येथे बहुतेक पुस्तके गोष्ट संपवतात: संकट, समिती, कायदा, स्वच्छ हवा. पण मृत्यूंच्या नोंदवह्या तेथे संपत नाहीत. धुके ९ डिसेंबरला विरले, तरी मृत्यूचे प्रमाण पूर्ववत झाले नाही. जानेवारी आणि फेब्रुवारी १९५३ मध्येही ते चढेच राहिले. आरोग्य मंत्रालयाच्या अहवालाने धुक्याचे बळी २० डिसेंबरपर्यंतच मोजले. त्यानंतरचे जादा मृत्यू एन्फ्लुएन्झाच्या खात्यावर टाकले गेले. वायुप्रदूषणाचे अभ्यासक ई. टी. विल्किन्स यांनी १९५४ मध्येच या उरलेल्या सुमारे ८,००० मृत्यूंकडे बोट दाखवले होते. त्याची दखल घेतली गेली नाही.

१४/
सुमारे पन्नास वर्षांनी मिशेल बेल आणि डेव्ह्रा डेव्हिस यांनी त्या नोंदी पुन्हा उघडल्या. २००१ मध्ये त्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारी या काळातील जादा मृत्यू सुमारे १२,००० असल्याचे मांडले. पुढच्या अभ्यासात त्यांनी प्रश्न केला: एन्फ्लुएन्झाने हे मृत्यू समजावता येतात का? त्या हिवाळ्यात फ्लू होता हे खरे. पण तो या जादा मृत्यूंच्या केवळ एका अंशाचेच स्पष्टीकरण देऊ शकत होता. उरलेल्यांचे कारण त्या पाच दिवसांकडेच नेत होते.

१५/
येथे दहाव्या भागातील पहारेकरी पेशी आठवाव्यात. ‘धूर की फ्लू’ हा प्रश्न कार्यालयाच्या रकान्यांना सोयीचा होता; फुफ्फुसाला तो लागू पडत नाही. धुराने जखमी झालेले फुफ्फुस तीन आठवड्यांनी संसर्गाला बळी पडले, तर दाखल्यावर संसर्गाचे नाव येते. पण पहिला घाव कधी झाला, हे दाखला सांगत नाही. २० डिसेंबर ही तारीख वैद्यकाने नव्हे, अहवालाने ठरवलेली होती.

१६/
पुरावा आणखी एका ठिकाणी जपून राहिला होता. त्या वेळच्या शवविच्छेदनांतील फुफ्फुसांचे नमुने रॉयल लंडन हॉस्पिटलच्या संग्रहात होते. २००३ मध्ये संशोधकांनी त्यांतील काही नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांत काजळीचे अतिसूक्ष्म कण तर मिळालेच, शिवाय शिसे, जस्त आणि कथील यांचे कणही सापडले. ज्या हवेचा एकही थेंब उरला नव्हता, तिचा नमुना माणसांच्या देहात टिकला होता.

१७/
मग जे जगले त्यांचे काय? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वृद्ध झालेल्या ब्रिटिश नागरिकांनी सांगितलेल्या जीवनवृत्तांतांचा आधार घेतला गेला. धुक्याच्या वेळी वयाच्या पहिल्या वर्षात असलेल्या लंडनच्या मुलांमध्ये बालपणीच्या दम्याचे प्रमाण इतरांच्या तुलनेत सुमारे २० टक्के-बिंदूंनी जास्त आढळले. हवेत पाच दिवस टिकलेले धुके श्वासनलिकांमध्ये वर्षानुवर्षे राहिले.

१८/
आणि मेंदू? दीर्घकाळ वैद्यकाची समजूत अशी की धुराचा मुक्काम छातीतच. २००२ मध्ये लिलियन काल्देरोन-गार्सिदुएन्यास यांनी मेक्सिको सिटीच्या दूषित हवेत वाढलेल्या कुत्र्यांच्या मेंदूत दाह आणि ऱ्हासाच्या खुणा नोंदवल्या. तुलनेने स्वच्छ हवेतील कुत्र्यांत त्या तशा नव्हत्या. २०१६ मध्ये मँचेस्टर आणि मेक्सिकोतील ३७ मृतांच्या मेंदूत मॅग्नेटाइटचे गोलसर सूक्ष्म कण मिळाले. असे गोल कण प्रखर ज्वलनातून तयार होतात. नाकातील गंधचेता ही त्यांची एक संभाव्य वाट. दुसरी वाट फुफ्फुसातून रक्तात जाणारी. कण सापडले म्हणजे रोगाचे कारण सिद्ध झाले असे नव्हे. तरी पुरावा साचत गेला आणि २०२० मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत वायुप्रदूषणाचा समावेश केला.

१९/
याच वाटेने संशोधक पुन्हा लंडनला आले. स्टेफनी फॉन हिंके आणि एमिल सोरेन्सेन यांनी यूके बायोबँकमधील माहितीवरून १९५२ च्या धुक्यात मातेच्या उदरात किंवा तान्ह्या वयात असलेल्यांची तुलना धुक्याबाहेरच्या भागांत आणि इतर काळात जन्मलेल्यांशी केली. साठी ओलांडताना या व्यक्तींना श्वसनाचे आजार अधिक होते. शिवाय नवा प्रश्न सोडवण्याच्या क्षमतेच्या, म्हणजे ‘प्रवाही बुद्धिमत्ते’च्या, चाचणीत त्यांचे गुण सरासरीने कमी होते. हा फरक एकेका व्यक्तीवर बोट ठेवून दाखवता येत नाही. हजारो जण एकत्र मोजले तरच तो दिसतो. १९५३ मध्ये धुराचा हातही नेमका असाच दिसला होता.

२०/
ग्रेट स्मॉगची आकडेवारी म्हणून तीन वेळा बदलली: प्रथम सुमारे ४,००० मृत्यू, मग १२,००० आणि आता जगलेल्यांच्या छातीवर आणि बुद्धीवर उमटलेला ठसा. हवा तीच, दिवस तेच. बदलली ती मोजणी थांबवण्याची तारीख. इतिहासाच्या विद्यार्थ्याने कोणत्याही आपत्तीचा आकडा वाचताना म्हणूनच दोन प्रश्न जवळ ठेवावेत: मोजणी कोणी केली, आणि कोणत्या दिवशी थांबवली?

२१/
डिसेंबर १९५२ मध्ये लंडनमध्ये जन्मलेली मुले आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. ते धुके त्यांच्यापैकी कोणालाही आठवत नसणार. तरीही त्यांची नोंद अजून पुरी झालेली नाही. बायोबँकेत ती आजही भरली जात आहे. (समाप्त)