रुळांच्या कडेची पाखरे

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या पक्ष्यांचा इतिहास शोधायला निघाले की पहिली अडचण येते ती दप्तराची. आज हे तालुके रायगड जिल्ह्यात आहेत, म्हणून अभ्यासक साहजिकच 1883 सालचा कुलाब्याचा गॅझेटिअर उघडतो. पण कर्जत 1891 पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते आणि खालापूर हा त्याचाच पोटभाग, त्यामुळे पाहायला हवा तो ठाण्याचा खंड. पक्ष्यांच्या जुन्या याद्यांची गतही तशीच आहे. कर्नल साइक्सने 1832 साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली, ती घाटमाथ्यावरच्या मुलखाची. व्हिडालची 1880 ची यादी दक्षिण कोकणाची. सालिम अली आणि हुमायून अब्दुलाली यांनी 1930 च्या दशकात लिहिलेली लेखमाला मुंबई आणि साष्टीपुरती. घाटाच्या पायथ्याचा हा पट्टा या सगळ्या याद्यांच्या मधल्या फटीत सापडतो. त्याच्याविषयी जे काही नोंदले गेले ते जाता-येता, आणि ते कोणत्या वाटेने जाता-येता, यावरच सारे ठरले. म्हणून माझे म्हणणे असे की ज्याला आपण इथल्या पक्ष्यांचा इतिहास समजतो, तो बऱ्याच अंशी पाहणाऱ्यांच्या येण्याजाण्याचा इतिहास आहे. ‘हा पक्षी पूर्वी इथे नव्हता, आता आला’ किंवा ‘पूर्वी होता, आता गेला’ असे कोणी म्हटले की आधी विचारायला हवे, पूर्वी इथे पाहायला आले होते कोण, आणि कोणत्या महिन्यात?

वाटेची गोष्ट अगदी उघड आहे. 1850 साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानवर चढला आणि साहेबलोकांना उन्हाळ्यासाठी डोंगर मिळाला. 1856 साली रेल्वे खोपोलीपर्यंत पोचली. पुढे बोरघाटातून गाडी चढू लागली ती 1863 मध्ये. तोवर खोपोलीला उतरून पालखीने किंवा पायी घाट चढावा लागे. 1907 साली नेरळहून माथेरानची छोटी गाडी सुरू झाली. खंडाळा, माथेरान आणि खालची स्टेशने एवढाच मुलूख मुंबईच्या हौशी माणसाला एका सुट्टीत गाठता येई. जे. वाय. स्मिथने 1871 साली माथेरानवर पुस्तक लिहिले, त्यात माणसे, झाडे आणि प्राणी यांना जागा आहे. पण ते डोंगरमाथ्याचे पुस्तक आहे. कोटलीगडाचा पायथा, खांडसकडचे रान, इर्शाळगडाची पाठ ही ठिकाणे कोणत्याही बंगल्याच्या व्हरांड्यातून दिसत नव्हती.

पाहिलेले दुसऱ्याला सांगण्याची सोय झाली तीही याच काळात. ए. ओ. ह्यूमने 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक काढले. देशभरचे कलेक्टर, डॉक्टर, लष्करी अधिकारी त्यात आपापल्या नोंदी पाठवत आणि एकमेकांची ओळख पटवण्यावरून भांडतही. 1883 साली मुंबईत आठ जणांनी नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन होते, हे मराठी वाचकाने विसरू नये. तीन वर्षांनी निघालेल्या सोसायटीच्या जर्नलमध्ये किरकोळ टिपणांना जागा मिळाली आणि सुट्टीवरून परतलेल्या माणसाला ‘मी हे पाहिले’ असे छापून सांगता येऊ लागले. पुढे 1960 च्या सुमारास जफर फतेहअलींनी पक्षीनिरीक्षकांसाठी छोटे वार्तापत्र चालवले, 1980 च्या दशकाच्या आरंभी लोणावळ्यात पक्षिमित्रांचे संमेलन भरले आणि ही देवाणघेवाण मराठीत रुळली. पण छापण्याजोगे काय, याची चाळणी फारशी बदलली नाही. बातमी होते ती नवलाची. सातभाई, कोतवाल, तांबट यांची कोण छापणार?

ऋतूची फट तर वाटेच्या फटीहून मोठी. माथेरानचा हंगाम पावसाआधी आणि पावसानंतर. पावसाळ्यात छोटी गाडी बंद आणि बंगल्यांना कुलुपे. खरे तर या पट्ट्यात पक्ष्यांच्या विणीची सगळ्यात मोठी धांदल पावसाच्या तोंडावर आणि पावसातच असते. पावसात वस्तीला राहिल्याने काय साधते, याचा दाखला याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आहे. 1930 साली नोकरी सुटलेले सालिम अली किहीमला जाऊन राहिले आणि पावसाळाभर सुगरणीची वसाहत न्याहाळत बसले. सुगरणीच्या नराचे अनेक संसार कसे चालतात, हे त्या मुक्कामात कळले. वीकेंडला येऊन-जाऊन ते कळले नसते. कर्जत-खालापूरला असा मुक्कामी माणूस तेव्हा लाभला नाही. त्यात नद्यांचेही रूप पालटत गेले. टाटांचे खोपोलीचे वीजघर 1915 साली आणि भिवपुरीचे 1922 साली सुरू झाले. घाटमाथ्यावर अडवलेले पाणी पश्चिमेला सुटू लागले आणि पाताळगंगा व उल्हासच्या खोऱ्यात ऐन मे महिन्यातही पाणी वाहताना दिसू लागले. नंतर खालापूर तालुक्यातच मोरबे धरण झाले. पाण्याकाठचा एखादा पक्षी आज नेहमी दिसतो म्हणून तो पूर्वापार इथलाच, असे म्हणता येत नाही. आणि जुन्या टिपणांत तो नाही म्हणून नवा, असेही नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की जुन्या काळी निदान पुरावा पक्का होता. पक्षी मारून कातडे भरून ठेवत, त्यावर तारीख-ठिकाणाची चिठ्ठी; ओळखीचा वाद उरत नसे. क्रौर्य होते, पण शिस्त होती. हे अर्धेच खरे आहे. ह्यूमने 1885 साली कातडी आणि अंडी मिळून सुमारे 82,000 नमुने ब्रिटिश म्युझियमला दिले, त्या संग्रहावाचून आपले पक्षीशास्त्र उभे राहिले नसते. पण चिठ्ठीही खोटे बोलते. रिचर्ड मायनर्ट्‌झहागेनने दुसऱ्याचे नमुने लांबवून त्यांवर स्वतःची तारीख आणि ठिकाण लिहिले. रानपिंगळ्याचा शोध त्यामुळे कित्येक वर्षे भलत्या दिशेला गेला. ते घोटाळे उघड झाल्यावर, 1997 साली हा पक्षी शहाद्याजवळ पुन्हा सापडला. नंतर 2014 मध्ये तो तानसा अभयारण्यात दिसला, म्हणजे मुंबईला पाणी पाजणाऱ्या तलावाच्या काठच्या रानात, कर्जतहून फार लांब नाही अशा ठिकाणी. तो तिथे त्याच वर्षी उगवला असेल यावर माझा विश्वास नाही.

दुसरा आक्षेप आजच्या छायाचित्रकाराचा. हातात लांब लेन्स, फोटोत तारीख आणि अक्षांश-रेखांश, ओळख पटवायला शंभर जाणकार तयार. आता फट कुठली? फोटोने ओळखीचे काम सोपे केले, यात वाद नाही. मधुबाजाच्या पिसांच्या तऱ्हा इतक्या की खालून उडताना तो भल्याभल्यांना मोरघार वाटतो. पंख पसरलेला एक स्वच्छ फोटो तो वाद मिटवतो. पण हिवाळ्यात येणारे वटवटे फोटोत सारखेच हिरवट-मातकट दिसतात, त्यांची जात अनेकदा आवाजावरूनच सांगावी लागते. शिवाय कॅमेऱ्याची स्वतःची आवड असते. पावसात ओढ्याच्या दरडीत बीळ करणारा तिबोटी खंड्या रंगाने इतका देखणा की जेमतेम 13 सेंटिमीटरच्या या पक्ष्यामागे रायगडभर माणसे धावतात. कोंदट रानात प्रकाश नसतो. मग फ्लॅश, मग बिळासमोर ठोकलेली सोयीची काटकी, मग आडोशाला वाटाडे. जुन्या नोंदीत ‘खंडाळा’ एवढेच लिहिलेले असे, तेव्हा त्याचा राग येतो. पण त्या मोघमपणाने घरट्यांचे रक्षण केले, हेही कबूल करायला हवे. पाहिलेले सांगावे, विणीची नेमकी जागा सांगू नये, हा भेद आज करावाच लागेल. ई-बर्डवर काही संवेदनशील जातींची ठिकाणे लपवली जातात ती याच कारणाने.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: साहेब आले नाहीत म्हणून काय झाले, इथल्या ठाकर-कातकऱ्यांना सगळे माहीतच होते. होते यात शंका नाही. गलोल आणि फासे वापरणाऱ्याला पक्ष्याची पाणी पिण्याची वेळ आणि घरट्याची फांदी ठाऊक असावीच लागते. पण चिठ्ठीवर नाव लागले गोळी घालणाऱ्याचे किंवा घालवणाऱ्याचे. वाट दाखवणारा ‘शिकारी’ म्हणून निनावीच राहिला. आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबवली, ते योग्यच होते, पण त्याबरोबर ज्याला सर्वाधिक ठाऊक त्यालाच ते उघड सांगणे धोक्याचे झाले. आज त्याच पाड्यांतली तरुण मुले पर्यटकांना पक्षी दाखवायला नेतात. पक्षी पहिल्यांदा दिसला कोणाला, हे नोंदीत लिहायला आता काय हरकत आहे?

राहता राहिला प्रश्न ‘होते-गेले’चा. गिधाडे देशभर इतकी नेहमीची होती की बहुतेकांनी ती मोजलीच नाहीत. त्यांची पडझड प्रथम ध्यानात आली ती भरतपूरला, कारण तिथे मोजदाद होत होती. डायक्लोफेनॅक हे कारण 2004 साली सिद्ध झाले आणि 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. 2023 चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ अहवाल 942 जातींबद्दल बोलू शकला, तो सुमारे 30,000 निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर. त्या नोंदींत किती वेळ पाहिले, किती चालले, हे लिहिलेल्या संपूर्ण याद्यांना विशेष मोल आहे. त्यांवरून न दिसलेल्या पक्ष्याबद्दलही काही म्हणता येते. कर्जतच्या पहिल्या लोकलने येऊन एका खंड्याचा फोटो काढून परतणाऱ्याने त्याच सकाळी दिसलेले कावळे, सातभाई आणि बुलबुलही लिहून ठेवले, आणि जुलैत खांडसच्या बाजूला कोणी महिनाभर मुक्काम ठोकला, तर साइक्सच्या आणि सालिम अलींच्या याद्यांमधली फट भरायला सुरुवात होईल.