क्ष-किरण ते कृत्रिम बुद्धिमत्ता : वैद्यकीय प्रतिमाशास्त्राची वाटचाल

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत वैद्याला जिवंत माणसाच्या शरीरात डोकावण्याचा मार्ग नव्हता. नाडी पाहणे, पोट चाचपणे, छातीवर बोटांनी ठोकून आवाज ऐकणे आणि स्टेथोस्कोप लावणे एवढ्याच साधनांवर निदान होत असे. अनुमान बरोबर होते की चूक, हे बहुधा शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा शवविच्छेदनातच कळे. आज तालुक्याच्या गावीही सोनोग्राफी होते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सीटी स्कॅनची सोय असते. सव्वाशे वर्षांत घडलेल्या या परिवर्तनाने निदान अचूक केले, अनेक शस्त्रक्रिया टाळल्या, तसेच काही नवे धोके आणि सामाजिक प्रश्नही निर्माण केले.

सावलीचे चित्र

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे प्रा. विल्हेल्म कॉनराड राँटजेन हे निर्वात नळीतून विद्युत्प्रवाह सोडण्याचे प्रयोग करीत होते. नळी काळ्या कागदाने झाकलेली असतानाही जवळचा बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा लेप दिलेला पडदा चमकू लागला. कागदातून आरपार जाणाऱ्या या अज्ञात किरणांना त्यांनी गणितातील अज्ञात राशीचे चिन्ह दिले. मराठीत तेच 'क्ष-किरण' झाले. २२ डिसेंबर रोजी त्यांनी पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यात बोटांची हाडे आणि अंगठी स्पष्ट दिसत होती. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक राँटजेन यांना मिळाले. शोधाचे पेटंट मात्र त्यांनी घेतले नाही, त्यामुळे हे तंत्र अल्पावधीत जगभर पोहोचले.

क्ष-किरणांचे चित्र ही वस्तुतः सावली असते. हाडांतील कॅल्शियम किरण मोठ्या प्रमाणात शोषून घेते म्हणून हाडे पांढरी दिसतात. फुप्फुसांतील हवा किरणांना सहज वाट देते म्हणून ती काळी दिसतात. हवा, चरबी, पाणी व स्नायू, हाड आणि धातू अशा पाच छटांच्या आधारे तज्ज्ञ चित्र वाचतो. हृदयामागे दडलेली छोटी गाठ या सावल्यांच्या गर्दीत हरवू शकते, ही या तंत्राची मूळ मर्यादा होय.

या किरणांचे दुष्परिणाम प्रारंभी कोणाच्या ध्यानात आले नाहीत. यंत्र नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी डॉक्टर स्वतःचाच हात किरणांसमोर धरीत. पुढे कित्येकांच्या हातांना जखमा झाल्या, बोटे कापावी लागली, कर्करोगाने मृत्यू आले. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली १९०४ मध्ये अशाच प्रकारे मरण पावले. या कार्यात प्राण गमावलेल्यांचे स्मारक १९३६ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे उभारण्यात आले.

संगणकाने कापलेले काप

सावल्यांची गर्दी दूर करण्याचे श्रेय दोन बिगर-डॉक्टरांना जाते. भौतिकशास्त्रज्ञ ॲलन कॉर्मॅक यांनी १९६३-६४ मध्ये त्यामागील गणित मांडले. ध्वनिमुद्रिकांसाठी प्रसिद्ध असलेल्या ईएमआय कंपनीतील अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी स्वतंत्रपणे प्रत्यक्ष यंत्र घडविले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात त्यावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूची तपासणी झाली. दोघांना १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

सीटी स्कॅनमध्ये किरणनलिका रुग्णाभोवती फिरते आणि अनेक कोनांतून शोषणाची मोजमापे घेते. त्यांवरून संगणक शरीराच्या आडव्या कापांची चित्रे तयार करतो. प्रत्येक बिंदूची घनता आकड्यांत मांडली जाते. पाण्याला शून्य आणि हवेला उणे १००० धरणाऱ्या या मापनास 'हाउन्सफील्ड एकक' म्हणतात. पहिल्या यंत्राचे चित्र ८० गुणिले ८० बिंदूंचे असे आणि एका फेरीस काही मिनिटे लागत. १९८९ च्या सुमारास किरणनलिका अखंड फिरती ठेवून टेबल पुढे सरकविणारे सर्पिल तंत्र आले. १९९८ मध्ये एका फेरीत चार काप घेणारी यंत्रे आणि २००४ च्या सुमारास चौसष्ट कापांची यंत्रे आली. त्यामुळे धडधडत्या हृदयाच्या रक्तवाहिन्याही पाहता येऊ लागल्या. क्ष-किरणांचा प्रत्येक कण स्वतंत्रपणे मोजणाऱ्या नव्या पिढीच्या यंत्राला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. कमी किरणांत अधिक बारकावे, हे त्याचे वैशिष्ट्य आहे.

अपघातात डोक्याला मार लागलेल्या किंवा पक्षाघाताचा झटका आलेल्या रुग्णाच्या दृष्टीने सीटीचे मोल सर्वाधिक आहे. पक्षाघात रक्तस्रावाने झाला की गुठळीने, हे काही मिनिटांत कळते. दोहोंचे उपचार परस्परविरुद्ध असल्यामुळे या उत्तरावर रुग्णाचा जीव अवलंबून असतो.

ध्वनीची दृष्टी आणि कायद्याची चौकट

माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकू येतो. सोनोग्राफीत वापरला जाणारा ध्वनी साधारणतः २० लाख ते दीड कोटी कंपनांचा असतो. शरीरातील निरनिराळ्या ऊतींच्या सीमांवरून परतणाऱ्या प्रतिध्वनींचे चित्र पडद्यावर उमटते. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला आणि प्रसूतिशास्त्राला नवे साधन लाभले. यात क्ष-किरण नसल्यामुळे गर्भवतीसाठी ही तपासणी सोयीची ठरली. गर्भातील व्यंगे, नाळेची जागा, बाळाची वाढ यांची माहिती वेळेवर मिळून असंख्य माता व बालके वाचली.

याच यंत्राचा गर्भलिंगनिदानासाठी झालेला दुरुपयोग हा भारतातील या शास्त्राच्या इतिहासाचा काळा अध्याय आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम याविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत होऊन १९९६ पासून लागू झाला आणि सुधारित स्वरूपात २००३ पासून अमलात आला. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण १९९१ मध्ये ९४६ होते, ते २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ इतके घसरले.

या कायद्यान्वये प्रत्येक यंत्राची नोंदणी आणि प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीचा 'एफ' नमुना भरणे बंधनकारक आहे. कोल्हापूर जिल्ह्यात सोनोग्राफी यंत्रांना तपासणीची नोंद ठेवणारे उपकरण बसविण्याच्या आदेशास डॉक्टरांनी आव्हान दिले होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो आदेश कायम ठेवला. कागदपत्रांतील त्रुटी आणि प्रत्यक्ष गुन्हा यांना एकाच मापाने मोजले जाते, हा डॉक्टरांचा आक्षेप जुना आहे. मात्र नोंदीच नसतील तर गुन्हा सिद्ध होण्याची वाटच बंद होते, अशी भूमिका घेऊन सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये या तरतुदी वैध ठरविल्या.

चुंबकाची किमया

एमआरआयचे मूळ फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांच्या १९४६ मधील संशोधनात आहे. शरीरातील पाणी आणि चरबी यांत हायड्रोजनचे अणू विपुल असतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात त्यांची केंद्रके दिशा धरतात. रेडिओलहरींनी त्यांना क्षणभर विचलित केले की मूळ स्थितीत परतताना ती संदेश देतात. या संदेशांवरून चित्र कसे रचावे, हे पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये दाखविले. पीटर मॅन्सफिल्ड यांनी ते तंत्र वेगवान केले. दोघांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रोगट ऊतींचे संदेश निराळे असतात हे १९७१ मध्ये दाखविणारे रेमंड डॅमेडियन यांना वगळल्यामुळे त्या वेळी मोठा वाद झाला.

मेंदू, मज्जारज्जू, सांधे यांच्या तपासणीत एमआरआय अतुलनीय आहे आणि त्यात क्ष-किरणांचा वापर नाही. परंतु त्याचा चुंबक दुर्लक्षिण्याजोगा नाही. नेहमीच्या १.५ टेस्ला यंत्राचे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजारपट असते आणि तपासणी सुरू नसतानाही ते कायम असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआय कक्षात गेलेला रुग्णाचा नातेवाईक यंत्राकडे खेचला गेला आणि त्याचा मृत्यू झाला. दारावरील सूचना आणि कर्मचाऱ्यांचे प्रश्न हा केवळ उपचार नव्हे, हे या दुर्घटनेने दाखवून दिले. पेसमेकर, जुनी धातूची क्लिप, डोळ्यात गेलेला लोखंडी कण यांची माहिती रुग्णाने आधीच सांगणे अत्यावश्यक आहे.

रचनेपलीकडे : कार्य आणि उपचार

सीटी व एमआरआय मुख्यत्वे अवयवाची रचना दाखवितात. पेट स्कॅन त्याचे कार्य दाखवितो. फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेली शर्करा शिरेतून दिली जाते. भुकेल्या कर्कपेशी ती अधिक प्रमाणात उचलतात आणि चित्रात ठळक दिसतात. या अणूचे अर्धायुष्य अवघे ११० मिनिटे असल्यामुळे तो जवळपासच तयार करावा लागतो. त्यासाठी लागणारे देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले.

प्रतिमांच्या मार्गदर्शनाखाली थेट उपचार करण्याची शाखाही याच काळात बहरली. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांनी पाय कापून घेण्यास नकार देणाऱ्या एका वृद्धेच्या पायाची अरुंद रक्तवाहिनी नळी सरकवून मोकळी केली आणि तिचा पाय वाचला. आज मेंदूतील गुठळी मांडीतून घातलेल्या बारीक नळीने काढता येते. निवडक रुग्णांत ही पद्धत हितावह असल्याचे २०१५ मधील चाचण्यांनी सिद्ध केले.

किती तपासण्या पुरेशा?

क्ष-किरणांची मात्रा मिलिसीव्हर्टमध्ये मोजतात. निसर्गातून जगातील माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. छातीच्या एका एक्स-रेत ०.१ पेक्षाही कमी, तर पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये साधारणतः ८ ते १० मिलिसीव्हर्ट मात्रा असते. गरजेच्या वेळी हा धोका नगण्य मानावा लागतो. गरज नसताना मात्र तो पत्करण्याचे कारण नाही. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सौम्य लक्षणे असणाऱ्यांनीही सीटीसाठी रांगा लावल्या. दिल्लीच्या 'एम्स'चे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी एका सीटीची तुलना तीनशे ते चारशे एक्स-रेंशी करून सावधगिरीचा इशारा दिला. आधुनिक यंत्रांत मात्रा बरीच कमी असते, असा आक्षेप रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने घेतला. तुलनेचा आकडा वादग्रस्त असला, तरी विनाकारण तपासणी नको, हे तत्त्व निर्विवाद आहे. भारतात क्ष-किरण यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते.

अनावश्यक तपासणीचा दुसरा तोटा किरणांचा नसून चिंतेचा आहे. तीन हजारांहून अधिक वेदनामुक्त व्यक्तींच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मणक्यांमधील चकत्यांची झीज विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातील ९६ टक्के लोकांत आढळते, असे त्यात दिसून आले. अहवालात 'झीज' हा शब्द वाचून घाबरलेला रुग्ण शस्त्रक्रियेच्या विचारापर्यंत पोहोचतो. वास्तविक ती बहुधा केसांच्या पांढरेपणासारखीच वयाची खूण असते.

पडद्याआडचा डॉक्टर

एमबीबीएसनंतर तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला रेडिओलॉजिस्ट रुग्णाला क्वचितच दिसतो. परंतु यंत्राने काढलेल्या चित्राला अर्थ देतो तो हाच. पूर्वी प्रकाशपेटीवर फिल्म लावून होणारे वाचन आता संगणकाच्या पडद्यावर होते. १९९३ च्या सुमारास रूढ झालेल्या डायकॉम या समान प्रणालीमुळे एका गावातील चित्र दुसऱ्या शहरातील तज्ज्ञाला पाहता येते. एका सीटीत शेकडो प्रतिमा असतात आणि एका दिवसात अनेक रुग्ण. थकव्यातून एखादी बारीक खूण सुटण्याचा धोका तेथेच उद्भवतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून अपेक्षा आहे ती या ठिकाणी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंधरा वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या छातीच्या एक्स-रेत क्षयाचा शोध घेण्यासाठी संगणकीय वाचनाची शिफारस केली. तज्ज्ञांची वानवा असलेल्या भागांसाठी हे मोलाचे आहे. स्वीडनमध्ये सुमारे ८० हजार स्त्रियांच्या स्तनतपासणीवरील चाचणीचे प्राथमिक निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. संगणकाच्या साहाय्याने कर्करोग शोधण्याचे प्रमाण कमी न होता डॉक्टरांचे वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी घटले, असे त्यात आढळले. पाच वर्षांत संगणक रेडिओलॉजिस्टांना मागे टाकील, असे भाकीत संगणकशास्त्रज्ञ जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये केले होते. ते खरे ठरले नाही. संगणक डाग दाखवितो; तो डाग जुन्या क्षयाचा व्रण आहे की नवी गाठ, हे ठरविण्यासाठी रुग्णाचा इतिहास, जुनी चित्रे आणि अनुभव लागतो.

रुग्णाने काय करावे?

तपासणी सुचविल्यावर तिने उपचारात काय फरक पडणार आहे, हे डॉक्टरांना विचारावे. गर्भधारणेची शक्यता असल्यास एक्स-रे किंवा सीटीपूर्वी तसे सांगावे. मूत्रपिंडाचा विकार किंवा औषधाची ॲलर्जी असल्यास शिरेतून रंजकद्रव्य देण्याआधी कल्पना द्यावी. जुन्या फिल्म, सीडी व अहवाल जपून ठेवून सोबत न्यावेत. तुलनेसाठी जुने चित्र मिळाले, तर कित्येकदा नवी तपासणी टळते. अहवालातील एखाद्या शब्दावरून परस्पर निष्कर्ष काढू नये. कारण प्रतिमा हा निदानाचा एक पुरावा असतो आणि निर्णय रुग्ण, त्याची लक्षणे व चित्र या तिन्हींचा मेळ घालूनच घ्यावा लागतो.