मोठी गोळी, छोटी गोळी

"डॉक्टरसाहेब, कोणती गोळी चांगली?"

हा प्रश्न मला दिवसातून वीस वेळा ऐकू येतो. बीपीची, शुगरची, गॅसची. पण त्या दिवशी समोर बसलेले शेठ वेगळ्याच गोळीबद्दल विचारत होते. त्यांचा पेट्रोल पंप आहे, रात्री रोकड घेऊन घरी जावं लागतं. त्यांनी रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी अर्ज करायचं ठरवलं होतं. त्यासाठी डॉक्टरचं शारीरिक आणि मानसिक आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून ते माझ्याकडे आले होते. बोलता बोलता म्हणाले, "आपल्याकडे .३२ मिळतं. पण मित्र म्हणतो की त्याने माणूस थांबत नाही, अमेरिकेत लोक ९ एमएम नाहीतर .४५ ठेवतात. तुम्ही डॉक्टर आहात, गोळीने आत काय होतं ते तुम्हाला माहीत. खरं काय?"

मी फिजिशियन आहे, सर्जन नव्हे, आणि बंदुकीतलं मला फारसं कळत नाही. पण हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका डॉक्टरलाच विचारला गेला होता आणि त्याने दिलेल्या उत्तरावर आजही वाद चालू आहे. तो इतिहास वाचण्यासारखा आहे. शेठना पाच मिनिटांत सांगितला, तुम्हाला जरा सविस्तर सांगतो.

आधी कॅलिबर म्हणजे काय ते पाहू. कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने गोळीची जाडी. .४५ म्हणजे इंचाचे पंचेचाळीस शतांश, साधारण साडेअकरा मिलिमीटर. ९ एमएम म्हणजे नऊ मिलिमीटर. (हे आकडेही सरळ नसतात. .३८ ची गोळी मोजली तर इंचाचे छत्तीस शतांशच भरते. जुन्या काडतुसाच्या मापावरून पडलेलं नाव तसंच चिकटून राहिलं.) म्हणजे ज्या फरकावरून लोक हमरीतुमरीवर येतात तो अडीच मिलिमीटरचा आहे. एका ज्वारीच्या दाण्यापेक्षाही कमी.

अमेरिकन लष्कराने १८९२ मध्ये जुनं .४५ रिव्हॉल्व्हर सोडून हलकं .३८ घेतलं. पुढे फिलिपिन्समध्ये लढाई सुरू झाली. तिथले मोरो योद्धे तलवारी घेऊन अंगावर धावून येत, आणि .३८ च्या तीन-चार गोळ्या लागूनही थांबत नाहीत अशा तक्रारी येऊ लागल्या. लष्कराच्या नोंदीत एका कैद्याची हकिगत आहे. १९०५ साली झटापटीत त्याला अगदी जवळून .३८ च्या चार गोळ्या लागल्या, त्यांतल्या तीन फुफ्फुसांत. तरी तो आटोपला नाही. शेवटी बंदुकीचा दस्ता कपाळावर हाणून त्याला खाली पाडावं लागलं.

१९०४ मध्ये लष्कराने दोन माणसांना याचा छडा लावायला सांगितलं. एक होता शस्त्रास्त्र विभागाचा अधिकारी जॉन थॉम्पसन. दुसरा होता लष्करी सर्जन लुई लागार्ड. थॉम्पसनचं नाव पुढे त्याच्या मशीनगनमुळे सिनेमांतून सगळीकडे पोचलं. लागार्डला मात्र आज कोणी ओळखत नाही, आणि माझ्या मते दोघांत मोठा माणूस तोच. याच लागार्डने १८९० च्या दशकात एक महत्त्वाचा गैरसमज खोडून काढला होता. तेव्हा सर्जन समजत की दारूच्या उष्णतेने गोळी निर्जंतुक होते. लागार्डने गोळ्यांना अँथ्रॅक्सचे जंतू लावले, त्या जनावरांवर झाडल्या आणि ती जनावरं अँथ्रॅक्सने आजारी पडली. गोळी स्वच्छ नसते हे सिद्ध झालं.

कॅलिबरचे प्रयोग शिकागोच्या कत्तलखान्यात झाले. जिवंत गुरांवर आणि मृतदेहांवर वेगवेगळ्या मापांच्या गोळ्या झाडल्या. मृतदेह टांगून ठेवत आणि गोळी लागल्यावर तो किती हलतो ते बघत. आज वाचताना अंगावर काटा येतो, आणि शास्त्र म्हणूनही ते कच्चंच होतं. जनावरं मोजकीच, प्रत्येकाला गोळी वेगळ्या जागी लागलेली, प्रयोगाची पद्धतही मध्येच बदललेली. निष्कर्ष मात्र ठाम निघाला की लष्करी पिस्तुलाचं कॅलिबर .४५ पेक्षा कमी नको. त्यातून १९११ सालचं जॉन ब्राउनिंगचं प्रसिद्ध .४५ पिस्तूल आलं, आणि "मोठी गोळी ती मोठी गोळी" ही समजूत पक्की झाली.

त्याच अहवालात दुसरी एक गोष्ट होती, ती कोणी फारशी वाचली नाही. शरीराच्या बहुतेक भागांत लागलेली पिस्तुलाची गोळी, कितीही मोठी असली तरी, माणसाला जागच्या जागी थांबवेल याची खात्री नाही. म्हणून सैनिकांना नेमाचा सराव सतत द्या, असं या दोघांनी लिहिलं होतं.

हे असं का, ते शरीरशास्त्रातून समजून घ्या. सिनेमात गोळी लागली की माणूस मागे फेकला जातो. साधं गणित करा. ९ एमएमची गोळी साडेसात-आठ ग्रॅमची, वेग सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर. सत्तर किलोच्या माणसाला ती लागून आतच थांबली तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला चार सेंटिमीटरच्या आसपास. .४५ ची गोळी पंधरा ग्रॅमची पण संथ, तिने पाच-साडेपाच सेंटिमीटर. मुंबईच्या लोकलमध्ये याहून मोठे धक्के आपण रोज खातो.

मग माणूस खाली का पडतो? एक, मेंदू किंवा मानेतला मज्जारज्जू फाटला तर. दोन, रक्त गेलं तर. आपल्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं लिटरभर जाईपर्यंत धडधाकट माणूस बऱ्यापैकी सावरून राहतो. इतकंच काय, हृदय पूर्ण निकामी झालं तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंद हालचाल करण्यापुरता ऑक्सिजन शिल्लक असतो. तिसरं कारण मानसिक. गोळी लागली या जाणिवेनेच अनेक जण कोसळतात, आणि काहींना लागल्याचा पत्ताही नसतो. इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टीत मी एक माणूस पाहिला होता, मांडीत छर्रे घेऊन स्वतः चालत आलेला. त्याची तक्रार होती की पँट ओली का झाली.

रायफलची गोष्ट वेगळी. तिची गोळी पिस्तुलाच्या दुप्पट-तिप्पट वेगाने येते, आणि तिच्या मागे क्षणभर जी पोकळी फुगते ती आजूबाजूचं मांसही फाडते. पिस्तुलाच्या गोळीने फुगलेली पोकळी स्नायू, फुफ्फुस, त्वचा यांच्यासारख्या लवचीक भागांत पुन्हा मिटते. उरतो तो गोळीने स्वतः चिरडलेला मार्ग. यकृत आणि मेंदू लवचीक नाहीत, तिथे नुकसान जास्त होतं. हे नीट मांडलं मार्टिन फॅकलर या अमेरिकन लष्करी सर्जनने, १९८० च्या दशकात, सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रयोगशाळेत. जनावरांऐवजी त्याने दहा टक्के जिलेटिनचा थंड ठोकळा वापरला. जेलीच घट्ट बनवली म्हणा ना.

याच सुमारास मायामीत तो प्रसंग घडला ज्याने हा वाद पुन्हा पेटवला. ११ एप्रिल १९८६. एफबीआयचे आठ जण, समोर दोन दरोडेखोर. सुरुवातीलाच एकाला ९ एमएमची गोळी लागली. दंडातून आरपार होऊन ती छातीत शिरली, फुफ्फुस फाडलं आणि हृदयापासून इंचभर अंतरावर थांबली. जखम जीवघेणीच होती. पण तो त्यानंतरही काही मिनिटं लढत राहिला. त्या चकमकीत एफबीआयचे दोन जण मेले, पाच जखमी झाले.

एफबीआयने दोष गोळीला दिला. १९८९ च्या अहवालात निकष आला की गोळी जिलेटिनमध्ये किमान बारा इंच गेलीच पाहिजे, म्हणजे मध्ये हात आला तरी ती आतल्या अवयवांपर्यंत पोचेल. आधी १० एमएमचं दणकट काडतूस घेतलं. त्याचा झटका अनेकांना पेलवेना. म्हणून ते आखूड केलं आणि १९९० मध्ये .४० जन्माला आलं. अमेरिकेतल्या अनेक पोलीस दलांनी ते घेतलं. पंचवीस वर्षांनी, २०१४-१५ च्या सुमारास, एफबीआय परत ९ एमएमवर आली. त्यांचं कारण ऐकण्यासारखं आहे. नव्या बनावटीच्या गोळ्यांनी केलेल्या ९ एमएम, .४० आणि .४५ च्या जखमांत सांगण्यासारखा फरक दिसत नाही. आणि प्रत्यक्ष चकमकीत पोलिसांच्या बहुतेक गोळ्या चुकतातच, तेव्हा ज्याचा झटका कमी, ज्याने नेम बरा लागतो, ते हत्यार बरं. म्हणजे लागार्डच्या अहवालातला तो न वाचलेला भाग.

आता अमेरिकेच्या तीन राष्ट्राध्यक्षांकडे बघा. १८८१ मध्ये गारफिल्ड यांना .४४ च्या जातीची जाड गोळी लागली. ते अकरा आठवडे जगले. गोळी स्वादुपिंडाजवळ निमूट पडून होती. त्यांना मारलं ते जंतुसंसर्गाने, कारण एकामागून एक डॉक्टर न धुतलेली बोटं जखमेत घालून ती शोधत राहिले. १९०१ मध्ये मॅकिन्ली यांना छोटी .३२ ची गोळी पोटात लागली. ऑपरेशन झालं, तब्येत सुधारतेय असं वाटलं आणि आठव्या दिवशी गँगरीनने ते गेले. त्यांच्या जागी आलेले थिओडोर रूझवेल्ट यांना १९१२ मध्ये .३८ ची गोळी छातीत लागली. खिशातल्या पन्नास पानी भाषणाने आणि चष्म्याच्या डबीने तिचा जोर कमी केला. त्यांनी तास-दीड तास भाषण केलं आणि मगच ते दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी ती गोळी काढलीच नाही. ती छातीत घेऊन ते आणखी सहा वर्षं जगले.

आपल्या पुण्याचं उदाहरण तर शाळेतच शिकलो आहोत. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट दोघांवरही जवळून गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच मेला. रँड ३ जुलैला, अकरा दिवसांनी. फरक कॅलिबरचा नव्हता, गोळी कुठे लागली याचा होता. आयर्स्टला ती डोक्यात लागली होती, रँडला पाठीत.

यावरून एक कामाची गोष्ट सांगून ठेवतो, कारण हिंदी सिनेमाने सुरी तापवून गोळी काढण्याचं जे शिक्षण दिलंय ते घातक आहे. गोळी काढणं हा उपचार नव्हे, रक्त थांबवणं हा उपचार आहे. बंदुकीची असो, कोयत्याची असो की अपघाताची, जखमेवर स्वच्छ कापड ठेवा, दोन्ही हातांनी जोर लावून दाबून धरा, सारखं उचलून बघू नका, १०८ ला फोन करा. आत रुतलेलं काहीही उपसू नका. अनेक गोळ्या शरीरात आयुष्यभर राहतात आणि त्रास देत नाहीत.

पुन्हा शेठकडे येतो. ९ एमएम आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळत नाही, ते प्रतिबंधित बोरमध्ये मोडतं, त्यामुळे मित्राशी घातलेला वाद तसाही फुकटच होता. त्यांचं बीपी १६०/१०० निघालं. नजर ठीक, हात स्थिर, दारू नाही. फॉर्मवर सही करण्यासारखं सगळं होतं. मी सवयीने विचारलं, घरी कोण कोण असतं? म्हणाले, मी, बायको आणि मुलगा. मुलगा तेवीस वर्षांचा. परीक्षेत दोनदा अपयश आल्यापासून सहा महिने खोलीबाहेर फारसा येत नाही, जेवत नाही, रात्रभर जागा असतो. "जरा मूडी झालाय," म्हणाले.

मी पेन खाली ठेवलं. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, दरोडेखोर नव्हेत. आणि तिथे .२२ काय, .३२ काय आणि .४५ काय, अंतर शून्य असतं. ज्या घरात कोणी खचलेलं आहे त्या घरात हत्यार आणायचं की नाही, हे मला त्यांच्याशी बोलायचं होतं, पण आधी त्या मुलाबद्दल बोललो. टेली-मानसचा नंबर लिहून दिला, १४४१६. चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. शेठ थोडे रागावले. "मी रिव्हॉल्व्हरचं विचारायला आलो आणि तुम्ही मुलाचं काय काढलंत?"

रोकड बँकेच्या गाडीने पाठवता येईल का ते बघा, असं मी सुचवलं. फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून घेतला आणि बीपीच्या गोळीवर दोन आठवड्यांनी परत बोलावलं. ते दहाव्या दिवशीच आले. मुलगा बरोबर होता, दाढी वाढलेली, नजर जमिनीकडे. शेठ त्याला खुर्चीत बसवून बाहेर जाऊन थांबले.