झोकाचं कूळ

१९५८च्या 'मधुमती'त अभिनयाच्या चार तऱ्हा एकत्र नांदतात. दिलीपकुमार वाक्य अर्धं गिळतो, आवाज सहसा चढवत नाही. वैजयंतीमाला भरतनाट्यमच्या तालमीत घडलेली. शब्दाआधी तिची मान आणि डोळे बोलतात. प्राणचा जमीनदार उग्रनारायण नुसत्या नजरेनं दहशत बसवतो. चौथा आपल्या इंदूरचा बद्रुद्दीन काझी, म्हणजे जॉनी वॉकर. त्याच्या चरणदासनं त्याला फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळवून दिला. पहिल्या तिघांच्या शैलीवर भरपूर लिहून झालंय. चरणदासच्या झिंगलेल्या झोकाचं कूळ मात्र तपासायचं राहून गेलं.

चरित्र थोडक्यात असं: जन्म इंदूरचा, वडिलांचं काम सुटलं, कुटुंब मुंबईला आलं, बद्रुद्दीन बेस्टच्या बसवर कंडक्टर झाला. प्रवाशांची करमणूक करणारा हा कंडक्टर बलराज सहानींनी हेरला. ते तेव्हा 'बाजी' लिहीत होते. दारुड्याचं सोंग घेऊन थेट गुरुदत्तच्या पुढ्यात जा, असं त्यांनी सुचवलं. सोंग इतकं बेमालूम वठलं की १९५१च्या 'बाजी'त त्याला काम मिळालं आणि गुरुदत्तनं व्हिस्कीवरून नावही दिलं. स्वतः जॉनी वॉकर दारूला शिवत नसे.

मग हा झोक आला कुठून? मराठी माणूस चटकन 'एकच प्याला'मधल्या तळीरामाकडे बोट दाखवील. गडकऱ्यांचं हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आलं आणि तळीराम घरोघरी पोचला. पण तळीरामाची नशा जिभेवर चढते. आर्यमदिरामंडळात तो युक्तिवाद करतो, कोट्या करतो. त्याचे पाय लटपटले नाहीत तरी प्रवेश रंगतो. जॉनी वॉकरचा आवाज बंद करून पाहा, नशा तशीच दिसते.

दुसरा दावा जास्त वजनदार आहे. बद्रुद्दीन विनोदी नट नूर मोहम्मद चार्लीचा भक्त होता, पडद्यावरच्या त्याच्या करामतींचा सराव करायचा. नूर मोहम्मदचं 'चार्ली' हे नाव चॅप्लिनवरून. आणि चॅप्लिननं १९१६च्या 'वन ए. एम.'मध्ये जवळजवळ एकट्यानं झिंगलेला माणूस उभा केला होता. वंशावळ सरळ जुळते. पण चॅप्लिनचा दारुडा वस्तूंशी भांडतो. जिना, गालिचा, पलंग त्याच्यावर उलटतात. जॉनी वॉकरला सामान लागत नाही. त्याचं भांडण पायांखालच्या जमिनीशी असतं.

म्हणून माझा कौल बसला. एका हातात तिकिटांचा ट्रे, दुसऱ्या हातात पंच, खांद्याला पैशांची पिशवी. दांडी धरायला हात उरत नाही. ब्रेक लागला की कंडक्टर गुडघे सैल सोडतो, कंबर सीटला टेकवतो, मान सरळ ठेवतो आणि सुट्टे पैसे मोजत राहतो. आता जॉनी वॉकरचा दारुडा बघा: पाय कुठेतरी चाललेत, पण चेहरा मोठ्या अदबीनं आपण शुद्धीत असल्याचं पटवतोय. तोल सावरण्याची ही धडपडच त्याला खरा करते. दारू न पिणाऱ्या माणसाला ती बसनंच शिकवली, असं माझं ठाम मत आहे. चार्लीकडून त्यानं हौस घेतली, चाल कामावर कमावली.

सहानींनी ती हेरली यातही नवल नाही. 'बाजी'नंतर दोनच वर्षांनी 'दो बीघा जमीन'साठी ते स्वतः कलकत्त्यात रिक्षा ओढायला शिकले. कष्टाच्या कामानं शरीराला लागलेलं वळण त्यांना अभिनयाचं भांडवल वाटत होतं. 'दो बीघा जमीन' बिमल रॉय यांचा आणि 'मधुमती'ही त्यांचाच. वास्तववादी अभिनय आणि विनोदी दारुडा ही दोन टोकं मानली जातात. मला ती एकाच घरातली भावंडं वाटतात. हिंदी पडद्यावर पुढे केश्टो मुखर्जींसारखे दारुडे आले, त्या परंपरेच्या उगमाशी इंदूरच्या या कंडक्टरचं नाव आधी घ्यायला हवं.