मुक्तिसदनांतील मायलेकी

पुणें जिल्ह्याच्या वायव्य टोंकास, माळशेज घाटाच्या वाटेवर, जुन्नर तालुक्यांत मढ नांवाचें गांव आहे. आषाढ-श्रावणांत तेथें पाऊस असा कोसळतो कीं, भर दिवसा घरांत दिवा लावण्याची पाळी यावी. तेथलें पाणी पुष्पावतींतून कुकडीस, कुकडींतून घोडनदीस आणि अखेर भीमेस मिळतें. त्याच भीमेच्या खोऱ्यांत, त्याच जिल्ह्याच्या पूर्वभागीं केडगांव आहे. परंतु तेथल्या शेतकऱ्याच्या वांट्यास तो पाऊस येत नाहीं. ढग घाटमाथ्यावरच रिते होतात आणि पूर्वेकडे बहुधा नुसता वाराच पोंचतो. अशा ह्या अवर्षणाच्या भूमींतच, एकोणिसावें शतक संपत असतां, दुष्काळानें उघड्या पडलेल्या जवळजवळ दोन हजार जिवांचें एक कुटुंब नांदूं लागलें. त्या कुटुंबाच्या धुरीणा होत्या पंडिता रमाबाई आणि त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई.

मिशनरी कुटुंब म्हटलें कीं, सातासमुद्रांपलीकडून आलेले साहेब, मडम आणि त्यांचा बंगला हें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. केडगांवचें कुटुंब तसें नव्हतें. येथील गृहिणी अनंतशास्त्री डोंगरे ह्यांची कन्या असून भागवत तिला मुखोद्गत होतें. दुष्काळ म्हणजे काय, हें तिला कोणा पुस्तकानें शिकविलें नव्हतें. 1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यांतील दुष्काळांत तिचे आईबाप आणि वडील बहीण अन्नावांचून गेलीं. सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास हीं दोघें अनवाणी देश तुडवीत राहिलीं. पुढें कलकत्त्याच्या पंडितांनीं तिला ‘सरस्वती’ ही पदवी दिली; परंतु भुकेची ती आठवण कोणत्याही पदवीनें पुसली गेली नाहीं.

1880 सालीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशीं विवाह केला. 1881 च्या एप्रिलांत मनोरमेचा जन्म झाला आणि पुढील वर्षीं फेब्रुवारींत बिपिनबाबू निवर्तले. वर्षाचेंही न झालेलें मूल कडेवर घेऊन तरुण विधवेनें पुण्यास बिऱ्हाड केलें. 1883 सालीं मायलेकी इंग्लंडास गेल्या. तेथें वाँटेज येथील भगिनींच्या मठांत, त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत, दोघींचा बाप्तिस्मा झाला. ह्याच मठाच्या भगिनी 1877 पासून पुण्यांत काम करीत होत्या. म्हणून ही ओळख अगदींच परकी नव्हती. रमाबाईंस वैद्यकी शिकावयाची होती. परंतु कानांनीं नीट ऐकूं येईना, तेव्हां तो बेत सोडावा लागला. त्या चेल्टनहॅम येथील विद्यालयांत राहिल्या आणि पोर वाढूं लागली ती मठांत. आई अमेरिकेंत व्याख्यानांचे दौरे करीत असतांही मनोरमेस पुन्हां त्याच भगिनींच्या स्वाधीन केलें होतें. पुढें दुसऱ्यांच्या हजारों मुलींची आई होणाऱ्या स्त्रीची स्वतःची मुलगी अशी परक्यांच्या मायेवर लहानाची मोठी झाली.

11 मार्च 1889 रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या; त्याच पुढें महर्षि कर्वे ह्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. 1890 च्या अखेरीस सदन पुण्यास आलें. तेथें धर्मांतराचा वाद पेटला. 1893 सालीं न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर प्रभृति सल्लागारांनीं आपला संबंध तोडला आणि पालकांनीं पुष्कळ मुली परत नेल्या. ह्या पडत्या काळांतच केडगांवची जमीन घेण्यांत आली. फळबागेच्या उत्पन्नावर संस्था स्वावलंबी करावी, एवढाच त्या वेळीं हेतु होता.

परंतु 1896-97 च्या दुष्काळानें बागेचें घर करून टाकलें. रमाबाई स्वतः मध्यप्रांतांत गेल्या आणि सुमारें तीनशें मुली व तरुण विधवा बरोबर घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यांत ग्रंथिज्वराचा कहर झाला आणि त्याच्या निर्बंधांमुळें एवढा समुदाय शहरांत ठेवणें अशक्य झालें. तेव्हां केडगांवच्या उघड्या माळावर मुक्काम पडला. हेंच मुक्तिसदन. 1900 सालीं गुजराथेंत दुष्काळ पडला, तेव्हां तेथूनही मुली आणल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली.

दोन हजार हा आंकडा उच्चारण्यास सोपा आहे. दर माणशीं रोज अर्धा शेर धान्य धरलें, तरी हजार शेर, म्हणजे पंचवीस मण धान्य दररोज निवडावयाचें, दळावयाचें आणि शिजवावयाचें. पाणी ओढावयाचें तें विहिरींचें. शिवाय उपासमारीनें क्षीण झालेल्या देहास एकदम पोटभर जेवूं घालणें घातक असतें. अशा मुलीस घासाघासानेंच माणसांत आणावें लागतें. प्रार्थना ही ह्या घराचा प्राण होती खरी. परंतु तिच्या मागोमाग जातें, चूल, विहीर आणि आजाऱ्यांची खोली हीं हजर असतच.

हें काम करावयाचें कोणी? ज्यांच्यासाठीं घर काढलें त्यांनींच, हें रमाबाईंचें उत्तर होतें. माग, तेलघाणा, गाईगुरें, शिवणकाम, शेत आणि छापखाना हीं सर्व कामें मुली शिकल्या. अंध मुलींस, वृद्धांस आणि समाजानें टाकलेल्या स्त्रियांस वेगवेगळीं सदनें होतीं. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इत्यादि देशांतून साहाय्यक स्त्रिया आल्या. मिनी अब्रॅम्स ह्या अमेरिकन बाई 1898 सालीं येऊन मिळाल्या. पण घराची रीत बदलली नाहीं. रमाबाईंनीं विलायतेंतही शाकाहार सोडला नव्हता, मग केडगांवास तो कशाला सुटतो? पांढरें साधें लुगडें त्यांनीं अखेरपर्यंत टाकलें नाहीं.

मनोरमाबाई इंग्लंड-अमेरिकेंत शिकून आल्या, तों ह्या घराचा व्याप असा वाढलेला. आईच्या कानांस नीट ऐकूं येत नसे. शाळा, पत्रव्यवहार, पाहुणे ह्यांचा भार हळूहळू लेकीवर आला. अंधांची उठावाची लिपि शिकून त्यांनीं अंध मुलींस वाचावयास शिकविलें. शाळेचें काम संभाळूनच त्यांनीं मुंबई विद्यापीठाची बी. ए. ची परीक्षा दिली. पुढें निजामच्या राज्यांत गुलबर्गें येथें त्यांनीं मुलींची शाळा काढली. विवाह केला नाहीं. वेगळा संसार मांडला नाहीं. आईनें निवडलेलें घर त्यांनीं आपलें मानलें.

ह्या कार्यावरील आक्षेप झांकून ठेवणें इतिहासास धरून होणार नाहीं. भुकेल्या मुलीनें अन्नदात्याचा धर्म घेतला, तर ती तिची निवड म्हणावी काय, असा प्रश्न तेव्हांही विचारला गेला आणि तो खोटा नव्हे. परंतु त्याच्या जोडीला दुसराही प्रश्न उभा राहतो. त्या वाटेवर दुसरें कोण उभें होतें? पंढरपुरास प्रार्थनासमाजाच्या मंडळींनीं 1875 सालीं अनाथ अर्भकांसाठीं आश्रम काढला होता. कर्व्यांनीं 1896 सालीं अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. हीं कामें थोर होतीं. परंतु दुष्काळाच्या मानानें फार थोडीं होतीं. शारदासदनाची विद्यार्थिनी पुढें कर्व्यांच्या संसारांत येऊन त्यांच्या कार्याशीं एकरूप झाली, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे.

रमाबाईंनीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचें मराठी भाषांतर हातीं घेतलें. अल्पशिक्षित बायाबापड्यांस समजेल अशी भाषा असावी, हा त्यांचा कटाक्ष होता. छापखाना सदनाचाच, दुष्काळांतून आलेल्या मुलींच्याच हातांनीं तेथें खिळे जुळविले जात. आपल्यामागें संस्था मनोरमेनें चालवावी, अशी आईची योजना होती. परंतु 24 जुलै 1921 रोजीं, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं, मनोरमाबाई आईच्या आधींच गेल्या. आईबाप, बहीण, भाऊ, पति ह्यांच्यामागून आतां शेवटचा रक्ताचा धागा तुटला. तरी हातांतलें काम रमाबाईंनीं खालीं ठेविलें नाहीं. भाषांतर पुरें करून 5 एप्रिल 1922 रोजीं त्यांनीं देह ठेविला. तें ग्रंथरूपानें बाहेर पडलें 1924 सालीं.

दोन हजार मुलींस आई मिळाली खरी. परंतु एका मुलीस आपली आई त्या सर्वांबरोबर वांटून घ्यावी लागली. तिनें ती कुरकुर न करितां वांटून घेतली आणि स्वतःही वांटून टाकली. केडगांवची ती संस्था आजही चालू आहे. तिच्या इतिहासांत आईचें नांव ठळक अक्षरांनीं लिहिलेलें आहे आणि तें योग्यच आहे. त्याच ओळींत लेकीचेंही नांव वाचलें जावें.