गेरॉनचा शेवटचा चित्रपट

पु. ल. देशपांडे यांचा 'तीन पैशाचा तमाशा' मराठी रसिकांना ठाऊक आहे. ब्रेख्तच्या ज्या नाटकावर तो बेतला, त्याचा पहिला प्रयोग ३१ ऑगस्ट १९२८ रोजी बर्लिनला झाला. त्यात टायगर ब्राऊन हा पोलीसप्रमुख रंगवणारा आणि सुरुवातीचं मॅकीचं गाणं म्हणणारा धिप्पाड नट म्हणजे कुर्ट गेरॉन.

गेरॉन १८९७ साली बर्लिनमध्ये, ज्यू कुटुंबात जन्मला. पहिल्या महायुद्धात तो जर्मनीसाठी लढला, जबर जखमी झाला. पुढे वैद्यकीचा नाद सोडून नाटकात आला. १९३० च्या 'ब्लू एंजल'मध्ये मार्लीन डीट्रिश ज्या मंडळीत गाते, तिचा मालक जादूगार कीपर्ट हाच. लवकरच तो उफा कंपनीत दिग्दर्शक झाला. एप्रिल १९३३ मध्ये मात्र त्याला चालू चित्रीकरणातून बाहेर काढलं. तो ज्यू होता, एवढंच कारण.

पॅरिस, व्हिएन्ना करत तो हॉलंडला पोचला. त्याचे कितीतरी सहकारी अमेरिकेला गेले, हा युरोपातच राहिला. १९४० साली जर्मन फौजा तिथंही आल्या. अॅमस्टरडॅमच्या ज्या नाट्यगृहात तो काम करत असे, तेच १९४२ मध्ये ज्यूंना छावण्यांत धाडण्यापूर्वी कोंडून ठेवण्याची जागा झालं. त्यालाही आधी वेस्टरबोर्क आणि मग १९४४ च्या फेब्रुवारीत तेरेझिनच्या छावणीत नेलं. तिथं त्यानं कैद्यांसाठी 'कारुसेल' नावाचा गाण्या-नकलांचा कार्यक्रम उभा केला.

त्या जूनमध्ये रेडक्रॉसचे पाहुणे छावणी पाहायला येणार होते. रस्ते रंगवले, बागा लावल्या. गर्दी दिसू नये म्हणून मे महिन्यात सुमारे साडेसात हजार माणसं ऑशविट्झला पाठवली. पाहुणे फसले. मग याच देखाव्याचा चित्रपट काढायचं ठरलं आणि दिग्दर्शनाचा हुकूम गेरॉनला सुटला. ऑगस्ट-सप्टेंबरात त्यानं फुटबॉलचा सामना, वाचनालय, 'ब्रुंडिबार' हा संगीत खेळ गाणारी मुलं असं सगळं चित्रित केलं.

त्यानं नकार द्यायला हवा होता, असं म्हणणारे छावणीतही होते. पुन्हा मोठं चित्रीकरण हाती आलं, याची त्याला भूल पडलीच नसेल, असं मी म्हणणार नाही. कविसंमेलनात टाळी ऐकलेल्या माणसाला ती भूल ओळखीची असते. पण नकार दिला तर गाडी ठरलेली, हे त्याला माहीत होतं. बायको सोबत होती. मला त्याच्याकडे बोट दाखवता येत नाही.

गाडी टळली नाहीच. २८ ऑक्टोबर १९४४ रोजी तेरेझिनहून ऑशविट्झला शेवटची गाडी निघाली. तीत गेरॉन आणि त्याची पत्नी ओल्गा होती. पोचताच दोघांना विषारी वायूच्या कोठडीत मारलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिथल्या त्या कोठड्या बंद झाल्या.

चित्रपटाचं संकलन त्याच्याशिवाय झालं, मार्च १९४५ मध्ये. आज त्याचे तुकडेच उरले आहेत. त्यांत गाणारी ती मुलं दिसतात. त्यांतली बहुतेक गेरॉनच्या आगेमागेच ऑशविट्झला गेली.